सखूच्या होडीवरची मोटर

मित्रांनो, मी होडीच्या मागच्या फळीला लटकणारी एक जुनी मोटर आहे. शहरातले लोक मला आउटबोर्ड म्हणतात. ऐरोलीच्या खाडीकाठचे लोक नुसतंच ‘मशीन’ म्हणतात. माझं डोकं पाण्याच्या वर असतं आणि पाय पाण्यात. डोक्यात इंजिन आहे, पायाच्या टोकाला पंखा आहे. पंखा पाणी मागे ढकलतो आणि होडी पुढे जाते. दिसायला काम सोपं आहे. पण पाणी उथळ झालं की पाय वर उचलावा लागतो, आणि पंखाही होडीला साजेसा लागतो. या दोन गोष्टींनी मला मोठेपणा दिला आणि यांच्यापायीच मी एका घरावर संकटही आणलं.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या खांद्याशी एक छोटा पंप, तेलाची टाकी आणि एक सिलेंडर बसवला गेला. बटण दाबलं की पंप सिलेंडरमध्ये तेल ढकलतो. तेलाच्या जोराने आतला दांडा बाहेर सरकतो आणि मला मागच्या बाजूने वर कलवतो. जेसीबीचा हात उचलला जातो ना, अगदी तसंच. दुसऱ्या बाजूचं बटण दाबलं की तेल उलटं फिरतं आणि मी खाली येते.

माझा पहिला मालक बेलापूरचा एक हौशी व्यापारी होता. त्याची बोट पांढरी आणि हलकी होती. तिच्यासाठी त्याने मोठ्या पिचचा पंखा निवडला. पिच म्हणजे काय, तर पंखा एकदा गोल फिरला की स्क्रू जसा लाकडात पुढे शिरतो, तशी होडी किती पुढे सरकेल त्याचं माप. बोट हलकी असेल तर मोठं पिच चालतं, आणि वेगही चांगला मिळतो. रविवारी आम्ही खाडीत अशा धावायचो की किनाऱ्यावरचे लोक थांबून बघायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

पुढे त्याची हौस फिटली. मला वर कलवून, दांडा पूर्ण बाहेर काढलेल्या अवस्थेत, त्याने तसंच जेट्टीवर सोडून दिलं. चकचकीत दांड्यावर खाऱ्या वाऱ्याने गंज चढला. दांड्याभोवतीचं रबरी सील, जे तेलाला बाहेर येऊ देत नाही, ते उन्हाने कडक झालं. माझ्या डोक्यावर ताडपत्री होती, पण सीलची काळजी कुणी केली नाही. अशी बरीच वर्षं गेली.

मग मला शिवाने घेतलं. खरं सांगायचं तर घेतलं त्याच्या बायकोने, सखूने. शिवा ऐरोलीजवळच्या खाडीकाठच्या गावातला मासेमार. त्याची जुनी मोटर हाताने उचलायची होती. एकदा ओहोटीला ती चिखलातून उपसताना त्याच्या उजव्या खांद्यात चमक भरली, ती कधी पुरती गेलीच नाही. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. होडी किनाऱ्यावर पालथी पडली आणि शिवा ओट्यावर. सखू कोपरखैरण्याच्या बाजारात मासळी विकायची, पण घरची मासळी संपल्यावर ती दुसऱ्यांची टोपली घेऊन बसू लागली. ते शिवाला बघवत नव्हतं.

मला फळीवर बसवलं त्या दिवशी तो तोंड फिरवून उभा होता.

“मशीन उचलाया पन बटन?” तो म्हणाला. “मी काय म्हातारा झालूं?”

“दाबून तर बग,” सखू म्हणाली.

त्याने अंगठ्याने बटण दाबलं. मी गुंगुं करत वर आले. पुन्हा दाबलं, मी खाली गेले. मग पुन्हा वर, पुन्हा खाली, असा तो कितीतरी वेळ खेळत राहिला. शेवटी सखूच म्हणाली, “बॅटरी संपवशील!” तेव्हा तो हसला. मित्रांनो, ते हसू मी केलेल्या कामाचं पहिलं खरं बक्षीस होतं.

तरी आमचं लगेच जमलं नाही. शिवाची होडी जड होती. जाळी, बर्फ, मासळी, शिवाय खुबे, म्हणजे गाळातले शिंपले, वेचायला जाणाऱ्या गावातल्या बायका. माझ्या पायाला मात्र अजून तोच हलक्या बोटीचा पंखा होता. मी जीव खाऊन फिरायचे, पण वेग चढायचा नाही. ओहोटीच्या उलट जाताना मी धापा टाकायचे आणि शिवा चिडायचा.

“हिच्यात दमच नाय,” तो म्हणायचा.

मला ते फार लागलं. पण माझी बाजू मांडायला मला तोंड कुठे होतं?

अजून मोठा पंखा लावला तर मी जोरात पळेन, असं शिवाला वाटलं. तो नजीबला भेटला. नजीब मूळचा उरणकडचा, महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं मोटरी दुरुस्त करायचं छोटं दुकान. नजीबने पंखा विकला नाही. तो म्हणाला, “शिवादादा, आधी मी होडीत बसतो. रोज जेवढा माल असतो तेवढा भर, माणसं पन घे. रिकामी होडी दाखवू नको मला.”

होडी भरली. नजीब माझ्याजवळ बसून इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या मीटरकडे बघत राहिला. शिवाने पूर्ण वेग दिला, पण काटा कंपनीने ठरवून दिलेल्या आकड्यापर्यंत पोहोचलाच नाही.

“बघ,” नजीब म्हणाला. “भरलेला टेम्पो चौथ्या गिअरमध्ये घाट चढवतोयस तू. इंजिन काय करनार? हिला कमी पिचचा पंखा दे. टॉपचा स्पीड थोडा जाईल, पन ओझं ओढेल.”

“आनि लय कमी घेतला तर?”

“मग काटा आकड्याच्या वर पळेल, इंजिन नुसतं ओरडेल. ते पन वाईट. म्हनून तर माल भरून ट्राय करायचं.”

त्याने कमी पिचचा, रुंद पात्यांचा पंखा लावला आणि पुन्हा फेरी मारली. या वेळी काटा बरोबर जागी गेला. मला जणू मोकळा श्वास मिळाला. भरलेली होडी मी ओहोटीच्या तोंडावर अशी ओढली, की बायका टोपल्या धरून ओरडू लागल्या. शिवाने माझ्या डोक्यावर थाप मारली.

जाताना नजीबचं लक्ष माझ्या सिलेंडरकडे गेलं. दांड्याच्या मुळाशी तेलाचा ओशट डाग होता. “सील गेलंय, दादा. महाप्याला घेऊन ये, बदलून देतो.”

“सीझन संपू दे,” शिवा म्हणाला. मासळी चांगली लागत होती. इतक्या दिवसांनी लागत होती. त्याला मी दोष देत नाही.

हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही वाशीच्या पुलापलीकडच्या गाळाच्या पट्ट्यावर गेलो. होडीत सखू होती, तिची धाकटी जाऊ वैजयंती होती आणि गावातल्या आणखी काही बायका होत्या. पाणी उतरू लागलं तसं शिवाने मला वर कलवलं आणि नांगर टाकला. बायका गुडघाभर चिखलात उतरून खुबे वेचू लागल्या. शिवाने जाळं शिवायला घेतलं.

माझ्या बाजूला एक लोखंडी खटका आहे. मी वर असताना तो लावला की माझं वजन त्यावर टेकतं, सिलेंडरवर भार राहत नाही. शिवा तो कधी लावत नसे. त्या दिवशी तेल थेंब थेंब गळत राहिलं आणि मी कुणाला न कळता हळूहळू खाली बसत गेले. माझा पाय गाळात रुतला.

तेवढ्यात वैजयंतीची किंकाळी आली. गाळात दडलेल्या पाकट माशावर तिचा पाय पडला होता. त्याच्या शेपटीचा काटा तिच्या पोटरीत शिरला होता. रक्त वाहत होतं, आणि दुखणं एवढं की तिला शब्द फुटत नव्हता. सखूने पदर फाडून पोटरी बांधली. सगळ्यांनी उचलून तिला होडीत आणलं.

“चला, लवकर!” सखू म्हणाली.

शिवाने बटण दाबलं. पंप नुसता गुरगुरला. टाकीत तेलच उरलं नव्हतं. मी जरा हलले आणि पुन्हा बसले. तसंच इंजिन चालू करावं, तर इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी माझ्या पायातली भोकं गाळाने बुजली असती आणि मी तापून जळले असते. पाणी तर उतरतच होतं. आणखी थोडा वेळ गेला असता, तर भरती येईपर्यंत होडी तिथेच अडकली असती.

शिवाने मला दोन्ही हातांनी धरलं.

“नको!” सखू ओरडली.

त्याने जीव लावून ओढलं. मी हलले नाही. मला हलता येतच नव्हतं. सिलेंडरमधल्या झडपा बंद होत्या, आणि बटणावर चालणारी मोटर अशा वेळी नुसत्या हाताने उचलली जात नाही. हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या खांद्यात कट् आवाज झाला आणि तो फळीवर खाली बसला. उजवा हात लोंबकळत होता.

सखूने नजीबला फोन लावला. काय झालं ते तिने एका दमात सांगितलं.

“वहिनी, टेन्शन घेऊ नका. ऐका,” नजीब म्हणाला. “मोटर ज्या पट्टीवर बसलीय, तिच्या बाजूला एक भोक हाय. आत मोठा स्क्रू हाय, चपट्या खाचेचा. दिसला?”

“चिखल हाय... थांबा... हा, दिसला!”

“पेचकसाने डावीकडे फिरवा. सैल होईपर्यंत. काढू नका, फक्त सैल. तेलाला वाट मिळाली की मोटर हाताने उचलता येईल. वर गेली की खटका लावा. खोल पाण्यात खाली सोडली की स्क्रू पुन्हा आवळा.”

सखूने स्क्रू सैल केला. तिने आणि दोन बायकांनी मला खालून धरलं आणि गाळातून फसकन् बाहेर काढलं. खटका लागला. एकीने नांगर काढला. मग वैजयंती आणि शिवा सोडून सगळ्या खाली उतरल्या आणि मांडीभर चिखलात उभ्या राहून त्यांनी होडी खोल पाण्याकडे ढकलली. एकदा ती अडली, दुसऱ्यांदा अडली, मग एकदम सुटली आणि सगळ्या आत चढल्या.

खोल पाण्यात सखूने खटका काढला, मला खाली सोडलं आणि नजीबने बजावल्याप्रमाणे स्क्रू पुन्हा घट्ट आवळला. तो सैल राहिला तर होडी मागे घेताना मी उसळून वर येते. मग तिने शिवाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“तू धर,” तो म्हणाला. “मी वाट सांगतो.”

सखूने त्याआधी माझं हँडल कधीच धरलं नव्हतं. तिने आधी मला उलट्या बाजूला वळवलं, होडी गोल फिरली, कुणीतरी देवाचं नाव घेतलं. मग तिला उमगलं, की हँडल डावीकडे नेलं की होडी उजवीकडे जाते. शिवा डोळे मिटून, दात आवळून वाट सांगत होता. “पुलाचा तिसरा खांब धर. आता डावं. तिवरांच्या जवळ नको जाऊ, तिथं गाळ हाय.” आम्ही जेट्टीला लागलो. वैजयंतीला रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काट्याचा तुकडा काढला. अजून उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं ते म्हणाले.

वैजयंती बरी झाली. शिवाचा खांदा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. नजीबने माझा सिलेंडर उघडला, दांडा घासून गुळगुळीत केला, नवी सीलं बसवली, तेल भरलं. मी तयार होते, पण मला चालवणार कोण?

“मी चालवीन,” सखू म्हणाली.

“लोक काय म्हनतील?”

“होडी लोकांनी ढकलली व्हती? आमी ढकलली.”

सखू रोज त्याला म्हणायची, “मना खाडीची वाट दाव. गाळ कुठं, पानी कुठं, तुलाच म्हाईत.” तो उठून बाहेर जायचा. त्याचं दुःख मला कळत होतं. मलाही एकदा ताडपत्रीखाली ठेवून दिलं होतं.

नजीबने सखूला विचारलं, “आता जाळी कमी, माल कमी. पिच थोडं वाढवू? पळेल जास्त.”

ती म्हणाली, “जाताना होडी रिकामी असते, भाई. येताना भरलेली. मना येतानाचा पंखा पायजे.” नजीबने मान डोलावली आणि पंखा तसाच ठेवला.

पहिल्या फेरीच्या सकाळी सखू आणि बायका जेट्टीवर आल्या, तेव्हा शिवा आधीच होडीत बसला होता. पुढच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून. सखूने मला चालू केलं. जरा पुढे गेल्यावर शिवाने डावा हात वर करून दिशा दाखवली, सखूने होडी वळवली. मग त्याने मागे वळून पाहिलं आणि पाठ फळीला टेकून आमच्याकडे तोंड करून बसला.

मित्रांनो, आता माझं वय झालं आहे. खाऱ्या पाण्यातून आल्यावर मला गोड्या पाण्याने धुवा. वर उचलून ठेवलंत तर खटका लावा. पंखा निवडताना रोजचं ओझं होडीत भरून बघा. आणि एक विनंती आहे. मला कसं उचलायचं, तो स्क्रू कुठे आहे, हे एकट्या चालवणाऱ्यापाशी ठेवू नका. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवा, खुबे वेचायला येणाऱ्या बायकांनासुद्धा. त्या सकाळी माझ्याभोवती इतकी माणसं उभी होती, आणि मला सोडवायचं कसं हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं.