शेवटच्या नळीचा आकडा

"सगळ्यांनी डोळे मिटा!" यंत्रबाबा गरजले, आणि रक्त तपासायच्या त्या लॅबमध्ये जमलेल्या झाडून सगळ्या माणसांनी डोळे मिटले. दंडावर कापसाचा बोळा दाबून बसलेल्यांनी मिटले, उपाशीपोटी आल्यामुळे आधीच वैतागलेल्यांनी मिटले, कडेवरच्या पोराचे तर त्याच्या आईने हाताने झाकले.

बाबांनी काळी शाल डोक्यावरून घेतली आणि कॉम्प्युटरचा पडदा, कीबोर्ड आणि स्वतःची दाढी असा सगळा संसार तिच्यात गुंडाळला. आतून पुटपुट ऐकू येऊ लागली. "विद्युत्माते, कोपू नकोस. तारेतल्या पीडे, आलीस तशी तारेतून जा. ऊठ बाळा, बोलायला लाग." मग पितळी घंटी किणकिणली, शाल बाजूला झाली, आणि दोन दिवस मुका बसलेला कॉम्प्युटर शेजारच्या तपासणी यंत्राशी बोलू लागला. पडद्यावर आकडे भराभर उमटले.

"बोलला हो बोलला!" काउंटरवरच्या मावशींनी टाळ्या पिटल्या. बाबांना गाठून आणलं होतं त्यांनीच, त्यामुळे अर्धं श्रेय त्यांच्या चेहऱ्यावर झळकत होतं. लोक बाबांच्या पाया पडायला पुढे सरसावले. इंजेक्शनच्या सुईला घाबरणारी माणसं, पण इथे धक्काबुक्की करायला मागेपुढे पाहिलं नाही.

लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाई काचेच्या दाराआड उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले नव्हते. पण उघड्या डोळ्यांनी त्या खिडकीबाहेर बघत होत्या. शिकलेल्या माणसांची ही एक सोय असते. बुवाला आत तर घ्यायचं, पण आपण बघितलंच नाही असं मनाला सांगायचं. आणि करणार काय हो त्या तरी? दुरुस्तीवाला "उद्या येतो"चा जप करत होता, रुग्णांचे नातेवाईक काउंटरवर आवाज चढवत होते, आणि कॉम्प्युटर हूं की चूं करत नव्हता.

जाताना बाबांनी डॉक्टरीणबाईंना तीन आज्ञा दिल्या. "एक, माई, या कॉम्प्युटरला अपडेट म्हणून जे जे येतं, ते घरात घ्यायचं नाही. पीडा त्याच दारातून शिरते. दोन, तपासणी यंत्राचं तोंड या लाल कापडाने झाकून ठेवायचं, त्याला दृष्ट फार लवकर लागते. आणि तीन, पुन्हा मुका झाला की मला बोलवायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

"यंत्राचं तोंड म्हणजे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ही खिडकी." बाबांनी यंत्रावरच्या छोट्या चौकोनावर बोट ठेवलं. यंत्र आपलं उत्तर आधी तिथे दाखवतं आणि मग कॉम्प्युटरला कळवतं. पूर्वी लॅबमधली मुलं खिडकीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा ताडून बघत, चुकलाच तर खिडकीतला धरत. कापड आल्यावर ते बंद झालं. कामही वाचलं, म्हणून कुणी कुरकुरलं नाही.

त्या दिवसापासून लॅबमध्ये रिवाजच पडला. लाईट गेली, कॉम्प्युटर बंद पडला, की परत सुरू केल्यावर तो मुका. मग बोलवा बाबांना. मग शाल, घंटी, दक्षिणा. "चालतंय ना? मग हात लावू नका," डॉक्टरीणबाई सगळ्यांना बजावत. खरं तर त्या स्वतःलाच बजावत होत्या.

त्यांच्या सासऱ्यांना, आप्पांना, हृदयात कृत्रिम झडप बसवलेली होती. अशा माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि किती घ्यायची ते रक्ताच्या आकड्यावर ठरतं. तुमचाआमचा आकडा एकच्या आसपास असतो. आप्पांचा दोन आणि तीनच्या मध्ये राहायला हवा. खाली गेला तर झडपेवर रक्ताची गाठ धरते, फार वर गेला तर माणूस आतल्या आत रक्तस्रावाने जातो.

आप्पांच्या रक्ताची नळी यंत्रात नेहमी सगळ्यांच्या शेवटी लागायची. तो आप्पांचाच हट्ट. "दारात लोक ताटकळलेत आणि मालकिणीच्या सासऱ्याचं आधी? शोभतं का? घरचं शेवटी." डॉक्टरीणबाईंना या नियमाचा फार अभिमान होता. पाहुण्यांना त्या तो कौतुकाने सांगत.

हल्ली आप्पांचा आकडा सारखा कमी येत होता. एक पूर्णांक एक. एक पूर्णांक शून्य. हृदयाचे डॉक्टर कागद बघत आणि गोळी वाढवत. पुन्हा कागद, पुन्हा वाढ.

आणि आप्पांच्या हातांवर काळेनिळे डाग उठू लागले.

धाकटी नणंद वडिलांना भेटायला आली, ती उंबऱ्यातच थबकली. घरात हिचं नाव फौजदार. प्रश्न विचारायला लागली की समोरच्याने गुन्हा कबूल केल्याशिवाय सुटका नाही. तिचं कामही तसलंच. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट वापरता येणारी आणि आतला शब्दन् शब्द उघडून वाचता येणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्यात रोज कुठेतरी चूक सापडते, रोज कुणीतरी ती दुरुस्त करतं. नणंद त्या दुरुस्त्या तपासायची. "फुकटच्या सिस्टिमचं फुकटचं काम," असं डॉक्टरीणबाई पाठीमागे म्हणत. लॅबमध्ये मात्र तीच सिस्टिम होती. फुकट होती ना!

"आप्पा, हे डाग कसले?"

"अगं, म्हातारपण. दारावर हात आपटला."

"दोन्ही हात? आणि उशीवर रक्त कसलं?"

"दात घासताना येतं थोडं."

नणंदेने वहिनीकडे बघितलं. "वहिनी, रक्त फार पातळ झालं की असंच होतं ना?"

"वन्सं, आम्हीही शिकलोय थोडं," डॉक्टरीणबाई चिडल्या. "रिपोर्ट बघा की! रक्त पातळ नाहीच, उलट घट्ट आहे. रिपोर्ट काय खोटं बोलतोय?"

"कुणीतरी नक्की खोटं बोलतंय. आप्पांचे हात खोटं बोलतायत असं मला वाटत नाही."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टची घडी घालून पर्समध्ये ठेवली. आप्पांच्या हातांकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या रक्ताची नळी घेऊन नणंद स्वतः लॅबमध्ये आली. पहाटे लाईट गेली होती, त्यामुळे बाबांना बोलावणं गेलेलं. गर्दी, शाल, पुटपुट. सगळ्यांनी डोळे मिटले. एकटीने नाही मिटले. शालीत काही दिसत नव्हतं, पण कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आणि त्याच वेळी एक बटण टकटक दाबल्याचा आवाज तिने बरोबर टिपला. घंटी वाजली. लोक म्हणाले, बोलला.

तपासण्या सुरू झाल्या. नळ्या ओळीने यंत्रात गेल्या. आप्पांची शेवटी. छापून कागद आला: एक पूर्णांक एक.

"वहिनी, ते लाल कापड काढा."

"खबरदार!" बाबा ताडकन उठले. "कापड हललं तर यंत्र कायमचं बसेल. मग मला बोलवू नका!"

गर्दीत चुळबुळ झाली. "अहो बाई, कशाला हात लावताय? आमचे रिपोर्ट अडकतील ना!" "घरची भांडणं घरी करा हो!" मावशी तर हात जोडून डॉक्टरीणबाईंपुढे उभ्या राहिल्या. "मॅडम, चांगलं चाललंय. कशाला विषाची परीक्षा?"

डॉक्टरीणबाईंनी हातातल्या कागदाकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर उशीवरचा डाग आला. या कागदाच्या भरवशावर दुपारी आप्पा वाढवलेली गोळी घेणार होते, तीही पुन्हा वाढवून. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी कापड ओढून काढलं.

खिडकीत आकडा होता: सात पूर्णांक दोन.

त्यांना क्षणभर वाचताच येईना. पडद्यावर एक पूर्णांक एक. खिडकीत सात पूर्णांक दोन. खाली नाव एकच.

"अरे देवा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी घरी फोन लावला. आप्पांनी उचलेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागला. "आप्पा! गोळी घेऊ नका. नाही, अजिबात नाही. जागचे हलू नका, कुठे आपटू नका, गाडी पाठवतेय, दवाखान्यात जायचंय." फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या.

"आप्पांच्या आधी कुणाची नळी होती?" नणंदेने विचारलं. कोपऱ्यातला एक धडधाकट तरुण हात वर करून उभा राहिला. ऑपरेशनआधीची तपासणी करायला आलेला. त्याचा आकडा एक पूर्णांक एक. त्याचाच आकडा आप्पांच्या नावावर पुन्हा चिकटला होता.

"म्हणजे करणी?" मावशी कुजबुजल्या.

"करणी कसली, मावशी? चूक. साधी, माणसाने केलेली चूक." नणंदेने पडदा लोकांकडे वळवला. "आता मी बाबांचा मंत्र म्हणते. शाल नको, आणि डोळे सगळ्यांनी उघडे ठेवा."

तिने कॉम्प्युटर बंद करून सुरू केला आणि एक बटण टकटक दाबलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. "बघा. वरची नवी सिस्टिम, खालची जुनी. अपडेट आलं तरी अडीअडचणीला म्हणून जुनी जपून ठेवतात. काहीच नाही दाबलं तर नवी सुरू होते. बाबा शालीत शिरून खालची ओळ निवडतात. झाला चमत्कार! कायमची निवडून ठेवता येते, पण मग लाईट गेल्यावर यांना कोण बोलावणार?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी शालीची घडी घालायला सुरुवात केली.

"यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात," नणंद सांगत होती. "जुन्या दुभाष्यात एक खोड होती. उत्तरं भराभर आली की शेवटचं त्याच्या हातून सुटायचं आणि तो आधीचंच पुन्हा सांगायचा. कुठल्या तरी लांबच्या लॅबमधल्या बाईंनी ते पकडलं, ओरडून सगळ्यांना सांगितलं. त्यावर आम्ही आठवडेच्या आठवडे भांडलो आणि दुभाष्या बदलला. अपडेटमध्ये आलं ते हेच. फक्त नव्याला यंत्राशी किती वेगाने बोलायचं ते एकदा लिहून सांगावं लागतं; जुना अंदाजाने चालवायचा. ते लिहिलं नाही म्हणून तो गप्प बसला. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसला हो बिचारा! आणि तुम्ही त्याला पीडा म्हणालात."

तिने ती एक ओळ लिहिली, नवी सिस्टिम सुरू केली, नळ्या पुन्हा लावल्या. आप्पांच्या नावापुढे पडद्यावर सात पूर्णांक दोन उमटलं. खिडकीतही तेच.

डॉक्टरीणबाई उठल्या. त्या बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "खिडकी झाकायला का सांगितलीत?"

"दृष्ट..."

"खरं बोला."

बाबांचा आवाज एकदम साध्या माणसाचा झाला. "एका लॅबमध्ये आकडे जुळत नव्हते. लोक अंगावर आले. तेव्हापासून कापड घालायला सांगतो. मला वाटलं, एखाददुसरा आकडा चुकतो, त्याने काय होतंय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!" डॉक्टरीणबाई किंचाळल्याच. मग त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "पण तुम्हाला आत मी घेतलं. मी खिडकीबाहेर बघत बसले."

त्या गर्दीकडे वळल्या. "ऐका. बाबा आल्यापासून रोज प्रत्येक खेपेची शेवटची नळी चुकली आहे. आप्पांची होती तेव्हा आप्पांची, नव्हती तेव्हा तुमच्यापैकी कुणाची तरी. त्या प्रत्येकाला मी स्वतः फोन करणार आहे. कुणाला काय झालंय ते मला आज माहीत नाही, आणि मला त्याची फार भीती वाटतेय. पण एवढं करा. इथे किंवा कुठेही, कुणी डोळे मिटायला सांगितलं तर मिटू नका. कुणी काही झाकलं तर काय झाकलंय ते विचारा. मला विचारा, डॉक्टरला विचारा. उत्तर देण्याऐवजी चिडला, तर समजा पाणी मुरतंय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारी मात्र पुढे येऊन म्हणाली, "बाई, माझी नळी मंगळवारी शेवटची होती." डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरून तिला आत नेलं.

आप्पा वाचले. पण डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं, आणि त्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. डॉक्टरीणबाई त्यांच्या खाटेशी बसल्या की मान वर करत नसत. शेवटी आप्पाच म्हणाले, "रडून काय होणार, पोरी? मला एवढंच सांग, आता माझी नळी आधी लावणार का तू?"

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. "नाही आप्पा. घरचं शेवटीच. पण खिडकीत बघून, माझ्या डोळ्यांनी."

"दोन्ही डोळ्यांनी बघ," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी उरलेला डोळा मिटून घेतला.