अंगठ्याखालच्या खाचा

पान्हा पुन्हा निसटला आणि केरबाची बोटं मिलिंग मशीनच्या हँडलवर आपटली. कळ पार कोपरापर्यंत गेली, पण तो ओरडला नाही. त्यानं आधी दाराकडं पाहिलं. वर्कशॉपमध्ये अजून कुणी आलं नव्हतं. मालक यायच्या आत ही चकती काढायची, म्हणून तर तो पहिल्या एस.टी.नं तासगावात येऊन धडकला होता. पण नट म्हणजे असा रुसलेला, की हलेल तर शप्पथ!

हँडलच्या मागं ती लोखंडी चकती होती. तिच्यावरच्या केसासारख्या बारीक रेषा वाचायच्या आणि मशीनचं टेबल किती सरकलं ते ठरवायचं, यातच केरबाचं आयुष्य गेलं होतं. द्राक्षबागेतल्या फवारणी पंपांचे सुटे भाग त्यानं याच मशीनवर कापून घडवले होते. आणि आता त्या रेषाच दिसेनाशा झाल्या होत्या. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा मधोमध झिजत चाललाय, चष्म्यानं काही होणार नाही. जिथं नजर लावावी, नेमका तिथंच एक राखाडी ठिपका येऊन बसायचा. एस.टी.ची पाटी कशीबशी वाचता यायची, पण चकतीवरची रेष? छे!

मग एक दिवस आजूबाजूला कुणी नाही असं बघून केरबानं कानस घेतली आणि चकतीच्या कडेला बारीक खाचा पाडल्या. दर दहा रेषांवर एक. शून्यावर दोन, शेजारी शेजारी. तेव्हापासून तो मान वाकवून बघायचं नुसतं सोंग करायचा आणि वाचायचा मात्र अंगठ्यानं.

मालकाच्या मशीनला कानस लावली, हे तर होतंच. पण आज मशीनला मोटारी बसवताना खाचा सापडल्या की डोळेही सापडणार होते. आंधळ्याच्या हातात गरगरतं कटर कोण देईल?

बाहेर टेम्पो थांबला. केरबानं पान्हा झटकन खिशात घातला.

"लौकर आलास रं केरबा? नव्या नवरीचं तोंड बघाया व्हय?" आप्पासाहेब मालक हसत आत आले. मागून त्यांची मुलगी क्रांती, सांगलीला इंजिनीअरिंग शिकणारी. तिनं वाकळेत गुंडाळलेला कॉम्प्युटर तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला होता.

"मोटारी बसवायच्या, ह्यो डबा जोडायचा, की आपलं म्हातारं मशीन आपलं आपण चालणार!" आप्पासाहेब म्हणाले. "आन् प्रोग्राम कितीचा हाय म्हाईत हाय का? फुकट! मला तर डाऊट हाय बाबा. फुकटचं काय चांगलं आसतंय व्हय?"

"नुसता फुकट न्हाई ओ बाबा, उघडा हाय," क्रांती म्हणाली. "आत काय काय लिवलंय ते सगळं दिसतंय. पटलं न्हाई तर आपण बदलायचं. लपवालपवीच न्हाई."

उघडा! केरबाचा हात खिशातल्या पान्ह्यावर गेला.

"हँडलं आदी काढू," क्रांतीनं बाह्या वर केल्या. "मोटार फिरली की ती बी फिरत्यात. कुणाच्या तरी सदऱ्यात आडकायची."

"मी काढतो," केरबा घाईनं पुढं झाला.

"तुमी टेबल धरा काका." तिनं पान्ह्याला लांब पाइप घातला, एक हिसका दिला आणि सकाळपासून केरबाला न बधलेला तो नट मुकाट्यानं सुटला. चकती तिच्या तळहातात आली. तिनं फडक्यानं तेल पुसलं. तिचा अंगठा कडेवरून फिरला. थांबला. परत मागं आला.

तिनं केरबाकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं? केरबानं डोळे ताणले, पण चेहऱ्याच्या जागी राखाडी ठिपका होता.

"काय झालं गं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"काय न्हाई. ग्रीस हाय." चकती तिच्या पिशवीत गेली.

दुपारी मोटार गुरगुरली आणि टेबल आपसूक सरकलं. केरबा दचकून मागं झाला.

"भूत न्हाई रं त्यात!" आप्पासाहेब म्हणाले. "बरं, आकडा वाच बघू. उद्यापासनं तूच चालवणार हायेस. आकडा चुकला की कटर सरळ टेबलात. मग मशीन भंगारात आन् तू घरात."

स्क्रीनवर मुंग्यांची रांग वळवळत होती. केरबानं मान फिरवली. "डोळ्यात लोखंडाचा कीस उडाला मालक."

"मशीन तर कालपासनं बंद हाय. कीस कुठनं उडाला?"

केरबा फडक्यानं डोळा पुसत राहिला.

"बारा पॉइंट चाळीस," क्रांतीनं मोठ्यानं वाचलं. "बाबा, च्या सांगा की. कवाधरनं घसा वाळलाय."

संध्याकाळी केरबाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. त्याची बायको शालूबाई म्हणाली, "आवं, सांगून टाका की एकदाचं. आसं भिऊन भिऊन किती दिस काढायचं?"

"सांगितलं की संपलं. मग सकाळच्याला उठून मी हुबा कुठं ऱ्हाऊ?"

पण सकाळी तो निघाला तो वर्कशॉपची किल्ली मुठीत धरूनच. मालकापुढं ठेवायची आणि बोलायचं. एस.टी.त त्यानं ते वाक्य मनात घोकलं. दारापर्यंत आला आणि वाक्याचं शेपूटच सापडेना.

आतून आप्पासाहेबांचा आवाज येत होता. "ह्ये काय करून ठेवलंस गं? स्टँडवरची पाटी हाय का ही?"

केरबा आत आला. अख्ख्या स्क्रीनवर तीनच आकडे होते. एकेक आकडा वितीएवढा, काळ्यावर पिवळाधमक.

"मला लांबनं दिसाया पायजे," क्रांती टेबलाखालच्या वायरींतून बोलली. "उघडा हाय न्हवं प्रोग्राम? मग केला बदल."

"आता तरी वाच बाबा केरबा."

"शून्य," केरबा म्हणाला. "शून्य पॉइंट शून्य शून्य."

ठिपका कुठंच गेला नव्हता. पण आकडा त्याच्याहून मोठा होता.

"थांबवायचं बटण वरच्या कोपऱ्यात हाय बघा काका," क्रांती डोकं वर न काढता म्हणाली.

केरबानं कीबोर्डवर हात ठेवला. अंगठा चाचपडत कोपऱ्याकडं गेला आणि तिथंच थबकला. बटणाच्या कडेला दोन खाचा होत्या, शेजारी शेजारी. ताज्या होत्या, टोचत होत्या.

मुठीतली किल्ली खिशात गेली. केरबानं खणातून बारीक कानस काढली आणि खाचांच्या कडेवरून हलक्या हातानं फिरवली. फुंकर मारली, अंगठा लावून बघितला, पुन्हा एकदा फिरवली.

"काय झालं रं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"काय न्हाई मालक," केरबा म्हणाला. "जरा धार हाय."