मुंगीचा जामीन

चौक गावात जुन्या हायवेवर प्रवीणचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, पण त्याचा खरा तोरा चालायचा तो कट्ट्यावर. कट्टा म्हणजे चाळीसेक हॅकरांचा ऑनलाइन गट. कंपन्यांच्या परवानगीने त्यांच्या ॲपमधल्या फटी शोधायच्या आणि त्यांनाच कळवायच्या. तिथे कुणाला आडनाव नाही, गाव नाही. फक्त टोपणनाव आणि कामावरून लागणारा नंबर. प्रवीण तिथे 'विंचू'. तीन वर्षं पहिला.

नवा माणूस आत घ्यायचा तर जुन्याने त्याला जामीन राहायचं, हा कट्ट्याचा नेम. भिवपुरीची सुरभी फोन दुरुस्तीला घेऊन आली आणि पुढे दुकानात शिकायलाच बसू लागली, तेव्हा प्रवीण मोठ्या कौतुकाने जामीन राहिला. ती 'मुंगी' झाली. आठ महिन्यांत मुंगी पहिली आणि विंचू दुसरा.

सगळ्यांबरोबर त्यानेही अभिनंदनाचा अंगठा टाकला, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आपण शिकवलेली पोर आपल्याच डोक्यावर बसते म्हणजे काय! रविवारी सकाळी त्याने जामीन काढून घेतला. कारण लिहावं लागतं, म्हणून लिहिलं: 'काम तिचं नाही. चोरलेलं आहे.' धडधडीत खोटं.

लगेच सुरभीचा फोन. "दादा, काय केलं रं मी? मी चोरलं नाय, तुला ठावं हाय ना?"

"कट्ट्यावर बोल," म्हणून त्याने फोन ठेवला.

आळ आला की काम सगळ्यांसमोर उलगडून दाखवायचं, आणि आळ खोटा निघाला तर घेणाऱ्याने बाहेर व्हायचं, हाही नेमच. दुपारपर्यंत मुंगीने, ज्या कामाने ती पहिली आली होती, त्याच्या नऊ पायऱ्या मांडल्या. पहिलीखाली लिहिलं होतं, 'हे विंचूने शिकवलं.' दुसरीखाली तेच. आठ पायऱ्या, आठ वेळा त्याचं नाव. नववीखाली, 'ही माझी.'

कट्टा चालवणाऱ्या 'म्हाताऱ्या'ने एकच ओळ टाकली: 'विंचू, यातलं चोरलेलं दाखव.'

निदान नववीत तरी खोट काढावी म्हणून प्रवीणने ती वाचली. कळेना. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा कळली आणि त्याचा जळफळाट झाला. इतकं सोपं, इतकं देखणं, आणि आपल्याला जन्मात सुचलं नसतं! लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवाच.

'चोरलेलं काही नाही,' त्याने लिहिलं.

म्हाताऱ्याने नेम पाळला. कट्टा विंचूला बंद झाला. आता मुंगी पुढे काय शोधील ते प्रवीणला कधी दिसणार नव्हतं, आणि पहिला नंबर गेल्यापेक्षा त्याला तेच जास्त झोंबलं.