धोंडबाच्या नावापुढच्या पाच खुणा

खाप्याजवळच्या आरोग्य उपकेंद्रातून नागपूरला प्रशिक्षणाला जायचं म्हटलं की पुष्पलता सिस्टरच्या कपाळावर आठी पडायची. बावीस वर्षांच्या नोकरीत तिने इतकी प्रशिक्षणं घेतली होती की प्रमाणपत्रांचा गठ्ठा कपाटात मावत नव्हता. दर वेळी नवी फाइल, नवा पेन, दुपारी पुरी-भाजी आणि सोमवारी पुन्हा तेच काम. आता म्हणे सिस्टरांनीच संशोधन करायचं. योजना कुठे अडते हे बाहेरच्यांनी येऊन सांगण्यापेक्षा तुम्हीच शोधा, असं शिकवणारी मुग्धा मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाली. पोरगी गोड होती. पण पाच गावांत पायपीट करणाऱ्या बाईने शोधायला वेळ कुठून आणायचा, ते तिलाही सांगता आलं नाही.

तरी पुष्पलताने प्रश्न निवडला: रक्तदाबाचे रुग्ण गोळ्या मध्येच का सोडतात? उत्तर आपल्याला ठाऊकच आहे, असं तिला वाटत होतं. लोक आळशी असतात, दुसरं काय. रजिस्टरमधली वीस नावं घ्यायची, घरी जाऊन विचारायचं, लिहून आणायचं आणि सुटायचं.

सातवं घर धोंडबाचं. म्हातारा बाजेवर पडला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात हलत नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी झटका आला, परवाच दवाखान्यातून घरी आणलं, असं त्याची बायको अंजनाबाई म्हणाली. तिने खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला.

"गोळ्या काहून सोडल्या?" पुष्पलताने फॉर्म उघडत विचारलं.

"सोडल्या नाही जी, सरल्या. दिवाळीतच सरल्या. तुम्हीच म्हटलं होतं, घरी आणून देतो म्हणून. वाट पाहून राहिलो होतो."

बोलण्यात तक्रार नव्हती. ती असती तर बरं झालं असतं.

पुष्पलताने रजिस्टर काढलं. नोव्हेंबर ते मार्च, धोंडबाच्या नावापुढे 'गोळ्या दिल्या' या रकान्यात पाच खुणा. दर महिन्याच्या खुणा एका दमात वरून खाली ओढलेल्या, सगळ्या सारख्याच तिरक्या. पंचवीस तारखेला रिपोर्ट वर जायचा. कधी गोळ्या आलेल्या नसायच्या, कधी पायात त्राण नसायचं. रकाना रिकामा राहिला की फोन यायचा, खुणेबद्दल मात्र कोणी कधी विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती धोंडबाच्या गोळ्या घेऊन गेली. मग उरलेली तेरा घरं केली. वीसपैकी अकरा घरांत हीच कथा.

तिने मुग्धाला फोन करून सगळं सांगितलं.

"तुमच्या केंद्राचं नाव टाकू नका," मुग्धा म्हणाली. "आपण दोषी शोधत नाही आहोत. 'नोंदींतील तफावत' असं लिहा."

पुष्पलताने तसंच लिहिलं. निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती, आता कशाला नसता ताप. सादरीकरणाच्या दिवशी मात्र नागपूर येईपर्यंत बसमध्ये ती ते दोन शब्दच वाचत बसली.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत अधिकारी होते. तिचं सांगून झाल्यावर त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "ही तफावत कशामुळे आली?"

यंत्रणा, मनुष्यबळ, असं बरंच काही तिला म्हणता आलं असतं. पण तिला आता फार थकवा आला होता, खोट्याचाही.

"साहेब, मी घरी न जाता खुणा केल्या. हात माझाच आहे. त्यातल्या एका माणसाला झटका आला."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. "लेखी खुलासा द्या," ते म्हणाले. मुग्धा मान खाली घालून बसली होती. पुष्पलता जागेवर येऊन बसली.

पुढचा नंबर कामठीच्या मोनाली सिस्टरचा. पडद्यावर तिचा आकडा आला: नियमित गोळ्या घेणारे रुग्ण शहाण्णव टक्के. मोनाली त्याच्याकडे पाहत उभी राहिली.

"मॅडम," ती मुग्धाला म्हणाली, "मले अजून एक महिना पाहिजे. पहिले घरोघरी जाऊन पाहा लागते."

ती खाली उतरली. पुष्पलताने शेजारच्या खुर्चीवरची, परतताना घरोघरी द्यायच्या गोळ्यांची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिला जागा करून दिली.