पिशवीतली बारावी पाटी

मी बारावी पाटी बोलतेय. माझ्या अकरा बहिणी उन्हानं पार फिकट झाल्या, माझा निळा रंग मात्र अजून कालच लावल्यासारखा आहे. त्याचं कौतुक करू नका. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबशीचा रंगही असाच टिकतो.

जन्मानं मी पाटी नाही. अमेरिकेतल्या ईरी सरोवराच्या काठच्या एका शाळेच्या खानावळीत मी पिवळा ट्रे होते. पोरांनी माझ्यावर कुस्करलेला बटाटा सांडला, मटार चिरडले, काट्यानं नावं कोरली. पुढे शाळेनं नवे ट्रे आणले, तेव्हा तिथली स्वयंपाकीण बर्नडीन आम्हा बारा जणींना घरी घेऊन आली. तिच्या धाकट्या भावानं, आर्लीनं, प्रत्येकीवर निळ्या रंगानं इंग्रजी ‘के’ रंगवला, वर आणि खाली भोकं पाडली आणि सुतळी ओवली.

बेसबॉलच्या वहीत ‘के’ म्हणजे पिचरनं, चेंडू फेकणाऱ्यानं, तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद केलं. चेंडू बॅटरसमोरच्या कल्पित चौकटीतून गेला किंवा त्याचा फटका हुकला की स्ट्राइक, चौकटीबाहेरचा चेंडू त्यानं सोडला की बॉल, आणि चार बॉल झाले की त्याला फुकटात पहिला तळ, म्हणजे पहिला बेस. आपल्या पिचरनं असा एक गडी टिपला की कठड्यावर एक पाटी लटकवायची. बॅटर बॅट न फिरवता नुसता बघत राहिला आणि बाद झाला, तर मात्र के उलटा. त्यासाठी वेगळी पाटी लागत नाही. आम्हाला डोक्यावर उभं केलं की काम होतं.

बर्नडीनचा एक कडक नियम होता. पाट्या फक्त सामना सुरू करणाऱ्या पिचरच्या. मागून त्याच्या जागी येणाऱ्यानं कितीही गडी टिपले तरी त्याच्यासाठी हात पिशवीत जाणार नाही.

आता तुम्हीच हिशेब करा. आमचा संघ हेरन्स. नऊ वर्षांत त्यांच्या एकाही पिचरनं एका सामन्यात बारा गडी टिपले नाहीत. बहुतेक दिवशी तीन-चार बहिणी बाहेर जायच्या आणि मी पिशवीच्या तळाशी, शेंगदाण्याच्या सालांबरोबर. बाहेरचा सामना मला बर्नडीनच्या आवाजावरून कळायचा. चेंडू फेकणाऱ्यापासून संघ निवडणाऱ्यापर्यंत ती कुणालाही सोडत नसे.

त्या वर्षी तर तिनं ताळच सोडला होता. जुलैमध्ये क्लबनं आपला शेवटच्या इनिंगचा भरवशाचा पिचर दुसऱ्या शहराच्या संघाला देऊन टाकला आणि त्याच्या जागी डेसमंड टिलमन नावाचा माणूस कायम ठेवला. टिलमन आला की चेंडू कुठेही जायचे, समोरच्यांना फुकटात पहिला तळ मिळायचा आणि हातातला सामना निसटायचा. बर्नडीननं त्याचं नाव ठेवलं फाटक. तो मैदानात आला की ती शेजारपाजारच्या रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, “आलं बघा फाटक. या, सगळ्यांनी या, उघडंच आहे.”

सप्टेंबरातली ती दुपार मी विसरणार नाही. आम्ही नेहमीप्रमाणे वरच्या मजल्यावर, उजव्या कोपऱ्यात, कठड्याला लागून. शेजारची खुर्ची कायम रिकामी असायची. त्या दिवशी तिथं एक उंच, सडपातळ म्हातारा येऊन बसला. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात शेंगदाण्याचा पुडा. तो शेंगा सोलत होता, पण दाणे खात नव्हता. मुठीत साठवत होता.

सुरुवातीचा पिचर होता बारेला. त्याला त्या दिवशी काय झालं होतं देव जाणे. आठ इनिंगमध्ये अकरा गडी. एकेक बहीण बाहेर गेली आणि पिशवीत मी एकटी उरले. दोन्ही संघांच्या धावा एक-एक, शेवटची इनिंग उरलेली. बर्नडीननं मला बाहेर काढून मांडीवर घेतलं आणि सुतळी बोटाला गुंडाळली. मला वाटलं, आज लागलो आपण कठड्याला.

आणि मॅनेजरनं बारेलाला काढलं. त्याचे शंभर चेंडू झाले होते म्हणून. वहीत सामना टिपणारा आर्ली पेन्सिल कानावर ठेवत म्हणाला, “शंभरी भरली त्याची.” बर्नडीनला हसू आलं नाही. राखीव पिचरांचं दार उघडून कोण बाहेर येतंय हे तिला दिसलं होतं.

“फाटक,” ती म्हणाली. मला तिनं पुन्हा पिशवीत टाकलं, पण अर्धवट, त्यामुळे मला सगळं दिसत होतं.

टिलमनच्या दुसऱ्याच चेंडूवर बॅटरनं टोला हाणला आणि पहिल्या तळावर पोचला. पुढच्याला चार चेंडू बाहेर, तोही फुकटात तळावर. बर्नडीन उभी राहिली. “अरे, बटाटा वाढायच्या डावानं फेकला तरी याहून सरळ जाईल. संघाच्या यादीतून नाव काढा त्याचं, आजच काढा.” मग कसेबसे दोन झेल मिळाले, तिसरा गडी बाद झाला की त्यांची पाळी संपणार होती, आणि पुन्हा चार चेंडू बाहेर. तिन्ही तळ भरले. आता आणखी एकाला फुकट तळ मिळाला की समोरच्यांची धाव आपोआप पूर्ण होणार होती.

शेजारचा म्हातारा तिच्याकडे वळला. दक्षिणेकडचा संथ, अदबीचा आवाज होता. “मॅडम, ती एक पाटी राहिलीय पिशवीत.”

“ती याच्यासाठी नाही,” बर्नडीन म्हणाली. “पाट्या सुरुवातीच्या पिचरच्या. आणि या फाटकासाठी तर—”

“पोरगा आहे माझा,” तो म्हणाला. “अलाबामाहून बसनं आलोय. आज नाही जमलं तर घरी पाठवणार आहेत त्याला. परवा फोनवर सांगितलं त्यानं.”

बर्नडीन खाली बसली. तिच्या मानेवर लाल चट्टे उठलेले मला दिसले. तिनं मला पिशवीतून ओढून पुन्हा मांडीवर घेतलं आणि घट्ट धरलं.

खाली एक स्ट्राइक झाला. मग दोन बॉल. मग आणखी एक स्ट्राइक. बर्नडीन पुटपुटत होती, “टाक बाबा, टाक सरळ,” आणि ही तीच बाई होती यावर माझा विश्वास बसेना. तिसरा बॉल गेला. आता एकच चेंडू. चौकटीत गेला तर बाद, बाहेर गेला तर धाव. म्हाताऱ्यानं मूठ इतकी आवळली की दाण्यांचा चुरा झाला.

टिलमननं चेंडू टाकला. बॅटरची बॅट खांद्यावरून हलली नाही. तो नुसता बघत राहिला. बॅटरमागे बसलेल्या कॅचरनं हातमोजा जिथल्या तिथे धरून ठेवला आणि सगळं मैदान अंपायरच्या उजव्या हाताकडे बघत राहिलं. तो हात वर आला नाही.

बॉल. फुकटचा तळ. समोरच्यांची धाव. लोक ओरडायला लागले, आणि ते अंपायरवर नव्हे, टिलमनवर ओरडत होते.

तेवढ्यात बर्नडीन उठली. मला तिनं डोक्यावर उभं केलं आणि अकराव्या बहिणीच्या शेजारी, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, कठड्याला बांधलं. उलटा के.

“ताई,” आर्ली हळूच म्हणाला, “आपल्या जागेवरून चौकट तरी दिसते का?”

“मला दिसली,” ती म्हणाली.

वहीतल्या त्या चौकोनात काहीच न लिहिता आर्लीनं पेन्सिल खिशात ठेवली. टिलमननं पुढचा गडी पहिल्याच चेंडूवर झेलबाद करवला, पण आमच्या बॅटरांना एकही धाव जमली नाही. हेरन्स हरले.

जाताना बर्नडीननं मला सोडलं आणि त्या म्हाताऱ्याच्या, हॉरेस टिलमनच्या, हातात दिलं. त्यानं टोपी काढून मान लववली. दुसऱ्या दिवशी यादीतून डेसमंडचं नाव गेलं. मला हे बसमध्ये कळलं, हॉरेसच्या मांडीवर, वर्तमानपत्राखाली.

आता मी अलाबामात हॉरेसच्या केशकर्तनालयात, मोठ्या आरशाच्या वर असते. बहिणींची आठवण येते. बर्नडीनच्या शिव्याही आठवतात. इथं सगळे हळू बोलतात, त्यानं मला करमत नाही. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मान तिरकी करून बघतं आणि म्हणतं, “हॉरेस, पाटी उलटी लागलीय रे.” हॉरेस नुसता कात्री चालवत राहतो.

गेल्या आठवड्यात एक जण खुर्चीवर चढून मला सरळ करायला लागला. सुतळीची एक गाठ सुटलीसुद्धा. तेव्हा कोपऱ्यात केस झाडत असलेला डेसमंड पुढे आला. घरी आल्यापासून त्यानं माझ्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

“राहू द्या,” तो म्हणाला. “बॅटर नुसता बघत राहिला होता.”

त्यानं स्वतःच्या हातानं गाठ मारली, आणि हॉरेसची कात्री क्षणभर थांबली. तेव्हा तुम्ही कधी इथं केस कापायला आलात, तर एवढंच करा. मला सरळ करू नका.