दोन अंगणांतले वस्तरे

बिमुर्झाचे गाल त्या दिवसांत सगळा गाव बघत होता. आमच्या डोंगराळ स्वानेतीत घरातलं माणूस गेलं की पुरुष वस्तऱ्याला हात लावत नाहीत, चाळीस दिवस दाढी तशीच वाढू देतात. त्यामुळे पोरगा बर्फात अडकलेला असताना बापाने रोज गुळगुळीत दाढी करावी, याचा अर्थ कुणाला फोडून सांगायला नको होता. गाल साफ आहे तोवर पोरगा जिवंत आहे.

त्याचा ओतार आणि शेजारच्या जोकियाचा सांद्रो एकाच दोराने तेत्नुल्डीच्या शिखरावर निघाले होते. हवा ओळखण्याची अक्कल दोघांनाही होती, पण पंचविशीत ती घरी ठेवून जायची आमच्याकडे पद्धतच आहे. वादळाने गाठलं. लामाराचा, म्हणजे बिमुर्झाच्या बायकोचा, धाकटा भाऊ चिचिको गावातले गडी घेऊन हिमनदीवर शोधायला गेला, तर त्याचाही पत्ता नाही.

रोज सकाळी दोन अंगणांत दोन बाप दाढीला बसत. मधे कमरेइतकी दगडी भिंत. पोरांविषयी चकार शब्द नाही.

"पाणी गार आहे रे आज," जोकिया म्हणायचा.

"तुझं थोबाडच गार आहे," बिमुर्झा म्हणायचा.

एवढं बोलून झालं की बिमुर्झा साफ गालावर पुन्हा वस्तरा फिरवायचा, रक्त येईस्तोवर.

"अहो, साल निघेल आता," लामारा करवादायची. "बसा की जरा. कुबदारी गरम आहे तोवर खा."

तो बसायचा, मांसाच्या त्या पोळीचा तुकडा मोडायचा आणि उठायचा. गाईपुढे चारा असताना पुन्हा चारा टाकायचा. फोडलेली लाकडं परत फोडायचा. मग दुर्बीण घेऊन घरामागच्या जुन्या दगडी बुरुजावर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा.

त्या सकाळी दाढीला बसायच्या आधीच तो वर गेला. गळ्यात टॉवेल, हातात वस्तरा. हिमनदी जिथे संपते तिथल्या दगडधोंड्यांत माणसं हलताना दिसली. त्याने दुर्बीण लावली. पुढच्या गड्यांचे चेहरे दिसले, आणि सगळ्यांच्या तोंडावर दाढी.

आता हा माणूस जन्मभर त्याच हिमनदीवर पाहुण्यांना दोर बांधून नेणारा. डोंगरावरून उतरलेला माणूस कसा दिसतो हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं का? पण त्या घडीला त्याची मतीच गुंग झाली. दाढ्या, एवढंच त्याला दिसलं. त्याने वस्तरा बुरुजावरून खालच्या काटेरी झुडपांत भिरकावला आणि गुडघ्यांत डोकं घालून ढसाढसा रडला.

पण खाली जाणं भागच होतं. लामाराला काही न सांगता तो ओढ्यावरच्या पुलापाशी जाऊन उभा राहिला. आणि चिचिकोच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आला तो ओतार.

बिमुर्झाने त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं.

"दाजी, असं भूत बघितल्यासारखं काय करताय?" चिचिको म्हणाला.

"तुमच्या दाढ्या..."

"बर्फावर वस्तरा कोण नेतं, दाजी? तुम्ही नेला होता कधी?"

बिमुर्झाला हसू फुटलं. हसता हसता त्याने पोराच्या पाठीत एक गुद्दा घातला. "चल घरी, गाढवा. आई पाणी तापवेल. आधी हे रान साफ कर."

ओतार हसला नाही. "मी नाही काढणार, बाबा."

तेव्हा कुठे बिमुर्झाने पोराच्या मागे बघितलं. मागचे चौघे ताडपत्रीत बांधलेलं काहीतरी खांद्यावरून आणत होते.

"सांद्रो भेगेत पडला," ओतार म्हणाला. "मी धरून ठेवलं होतं. दोर कापला गेला बर्फाच्या काठावर."

बिमुर्झाने पोराला पोटाशी धरलं. आपला आला, याचा आनंद काही केल्या आत मावत नव्हता, आणि त्या आनंदाची त्याला भयंकर लाज वाटली.

"जोकियाला कोण सांगणार?" चिचिकोने विचारलं.

"तुम्ही इथेच थांबा," बिमुर्झा म्हणाला.

जोकिया अंगणात होता. एक गाल झालेला, दुसऱ्यावर साबण. भिंतीपलीकडे येऊन उभ्या राहिलेल्या बिमुर्झाच्या हनुवटीवरचे पांढरे खुंट तो बराच वेळ बघत राहिला.

"वस्तरा हरवला का रे?"

हो म्हणावं असं बिमुर्झाला वाटलं. खोटंही नव्हतं ते.

"हा घे माझा," जोकियाने भिंतीवरून हात पुढे केला. "धार चांगली आहे. घे. कर दाढी."

बिमुर्झाने वस्तरा घेतला, मिटला आणि आपल्या खिशात ठेवला.

जोकियाने उरलेल्या गालावरचा साबण बाहीने पुसला. "ओतार?"

"आला."

"बरं झालं," जोकिया म्हणाला, आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसला.