गिऱ्हाईक नसलेली पेटी

इंटरनेटवरच्या सरावाच्या प्रश्नांनी भक्तीचं डोकं उठलं होतं. एसक्यूएल, म्हणजे डेटाला प्रश्न विचारायची भाषा, शिकायची म्हटलं की जिथे तिथे तेच: कोणत्या विभागात कोणाचा पगार जास्त. तिला नोकरी हवी होती देवगडच्या आंब्याच्या पेढीत, परक्यांचे पगार घेऊन काय चाटायचे होते? आंब्याच्या धंद्यावरचे प्रश्न शोधून ती थकली. ही नोकरी हुकली तर पुण्याची गाडी धरायची, आणि आई घरात एकटी. बाबा गेल्यापासून दोघीच होत्या.

शेवटी तिने आईलाच विचारलं. शर्मिला त्याच पेढीच्या शेडमध्ये आंब्याच्या पेट्या भरायची.

"आये, सांजेक तुमका शेडीत काय कळाक होया असता?"

"खंयची पेटी गेली आणि तिका गिराईकच नाय, ता," शर्मिला भाकरी थापत म्हणाली. "बाकीचा डोळ्यांका दिसताच."

त्या एका प्रश्नाला भक्ती घोरपडीसारखी चिकटली. गेलेल्या पेट्यांचा तक्ता विक्रीच्या तक्त्याला जोडायचा, आणि जिला जोड मिळत नाही ती पेटीही गळू द्यायची नाही. लेफ्ट जॉइन म्हणजे काय ते तिला तेव्हा खरं कळलं.

मुलाखतीला समोर होता अनिश, पेढीत नवीन आलेला पुण्याचा मॅनेजर. काचेपलीकडे शेड, आणि शेडमध्ये पेंढा पसरणारी आई.

"हा खरा डेटा आहे," अनिश म्हणाला. "पेट्या गायब होतायत. विक्री नसलेल्या शोधा. कोणी भरल्या तेही दाखवा."

भक्तीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हा तर पाठच होता. तिने भराभर लिहिलं आणि बटण दाबलं. ओळींमागून ओळी उतरल्या. प्रत्येकीत भरणारीचं नाव एकच: शर्मिला.



"एकच बाई," अनिश पुढे सरकला. "छान काम केलंत. जागा तुमची समजा. हिला आजच घरी बसवतो." त्याने फोन उचलला.

भक्तीने काचेतून खुंटीवरच्या आईच्या पिशवीकडे पाहिलं. क्षणभरच, पण संशयानेच. मग त्या बघण्याची तिला इतकी लाज वाटली की तिने मान फिरवून पुन्हा संगणकाचा पडदा वाचला. त्या यादीत प्रत्येक बागेची एकच पेटी होती.

"सर, थांबा. ती माझी आई आहे."

अनिशचा चेहरा दगड झाला. "हे आधी सांगायचं होतं."

"आता सांगतेय. डेटाला अजून एक प्रश्न विचारू द्या."

हंगामातली प्रत्येक बागेची पहिली पेटी कोणती, एवढंच तिने विचारलं. दोन्ही याद्या शेजारी लावल्या. तंतोतंत जुळल्या.

"पहिली पेटी ग्रामदेवतेला जाते, सर. भरायचा मान शेडमधल्या सगळ्यांत जुन्या बाईचा. देवाचं नाव विक्रीत कोण घालणार? मालकांना विचारा."

अनिशने मालकांना फोन लावला.

"बरोबर आहे तुमचं. मला सांगायचं राहून गेलं, म्हणाले मालक," त्याने फोन ठेवला. त्याचा आवाज खाली आला होता. "सोमवारपासून या."

ती शेडमध्ये गेली. आईने मान वर केली नाही.

"काय विचारल्यानी गो?"

"तुझोच प्रश्न."

"मगे, उत्तर काय इला?"

"तुझा नाव."

शर्मिलाला चेष्टा वाटली. ती हसली आणि तिने पुढची पेटी ओढली. भक्तीने खुंटीवरची आईची पिशवी काढली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली.